पॉइंट, युरो आणि नानांचा कॅसरोल

नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तीन वर्षं पॉइंट जपले. पेन्शन जमा होते त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड, महिन्याला साधारण साडेबारा हजारांचा खर्च, त्यात औषधं, किराणा, कधी चपला, कधी मिक्सरची दुरुस्ती, आणि दर महिन्याला स्टेटमेंट आलं की चष्मा लावून शेवटच्या पानावरचा पॉइंटचा आकडा बघायचा आणि डायरीत उतरवून ठेवायचा. १२,००० झाले तेव्हा एक दिवस कुणाला न सांगता त्यांनी बँकेच्या कॅटलॉगमधून तीन डब्यांचा कॅसरोल सेट मागवला. खोकं आलं, नाना खूश. सासूबाईंनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "तुळशीबागेत हाच १,४०० ला आहे." नाना म्हणाले, "अगं फुकटात आलाय, त्याला काय नावं ठेवायची."

मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे फुकट हा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. त्यांच्या कार्डाचा हिशोब असा होता, दर १५० रुपयांना ४ पॉइंट, आणि पॉइंट बिलातून वळते करून घेतले तर एकाचे २५ पैसे. म्हणजे दीडशे खर्च करा, एक रुपया परत. तीन वर्षांत साडेचार लाख खर्च, १२,००० पॉइंट, बिलातून वळते केले असते तर ३,००० रुपये. पण घेतली १,४०० ची वस्तू, म्हणजे पॉइंटला बारा पैसेसुद्धा आले नाहीत. कार्डाची वार्षिक फी ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०, तीन वर्षांचे १,७७०. शिवाय पॉइंट वटवायची फी ९९ अधिक जीएसटी, ११७ धरा. एकूण दिले १,८८७ आणि आला १,४०० चा कॅसरोल, म्हणजे वरचे ४८७ रुपये नानांनीच बँकेला दिले. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाहीये.

तेव्हापासून घरात, ऑफिसात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीही पॉइंटचं विचारलं की मी एकच सांगते, पॉइंट हे परकीय चलन समजा. खरंच. बँक हे एक छोटं संस्थान आहे, ते स्वतःचं नाणं पाडतं, त्या नाण्याचा भाव तेच ठरवतं, आणि एक दिवस "अटींमध्ये बदल" अशी मेल पाठवून तो भाव खालीही आणतं, जी मेल आपण उघडतसुद्धा नाही. त्यामुळे डॉलर-युरोला जे प्रश्न विचारायचे तेच पॉइंटला विचारायचे. भाव काय? कुठे चालतं? बदलून घेताना मध्ये किती जण हात मारतात? एकदा हे डोक्यात बसलं की रिवॉर्ड कार्ड आणि परदेशी चलनाचं खातं हे दोन वेगळे विषय राहतच नाहीत, दोन्हीकडे पैसा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना गळतो आणि आपल्याला ती गळती कमी करायचीय, बस्स.

तर आधी भाव. "१० एक्स", "५ एक्स", "२,००० बोनस पॉइंट" असल्या जाहिराती बघायच्याच नाहीत, १०० रुपये खर्चले की माझ्या खिशात किती पैसे परत येतात एवढंच काढायचं. नानांच्या कार्डात ६७ पैसे. एखादं कार्ड १०० रुपयांना १० पॉइंट देतं आणि पॉइंटचे १० पैसे धरतं, दुसरं कार्ड १०० ला २ पॉइंट देतं आणि पॉइंटचा अख्खा रुपया धरतं, तर दुसरं दुप्पट चांगलं, पण ऐकायला पहिलं भारी वाटतं. आणि एकाच पॉइंटचे भाव चार दुकानांत चार असतात, कॅटलॉगमधल्या भांड्याकुंड्यांना सगळ्यात कमी, बिलातून वळते केले तर थोडे बरे, शॉपिंगच्या व्हाउचरला कधी त्याहून बरे, आणि विमानाचं तिकीट किंवा विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलले तर बऱ्याच कार्डांत सगळ्यात जास्त. पण ते शेवटचं तुम्ही खरंच वर्षातून दोन-चार वेळा उडत असाल तरच, नाहीतर स्वारगेटहून एसटी पकडणाऱ्यानं माइल्स गोळा करून काय लोणचं घालायचंय.

मग वार्षिक फी वजा करा. नानांनी पॉइंट बिलातून वळते केले असते तर एका वर्षाचं गणित असं, दीड लाख खर्च, १,००० रुपयांचे पॉइंट, त्यातून ५९० फी आणि ११७ वटवायची फी गेली की हातात २९३. बऱ्याच कार्डांत ठरावीक खर्च केला की पुढच्या वर्षाची फी माफ होते, नानांची मर्यादा दोन लाख होती आणि ते दरवर्षी दीड लाखाला थांबत होते. अशा वेळी दोनच शहाणपणाचे रस्ते, एक तर घरातला तोच ठरलेला खर्च, सोसायटीचा मेंटेनन्स म्हणा, विम्याचा हप्ता म्हणा, या कार्डावर आणायचा (पण त्या मर्यादेत हे खर्च धरतात ना ते आधी बघून), नाहीतर फी नसलेलं साधं कार्ड घ्यायचं. तिसरा रस्ता म्हणजे फी माफ व्हावी म्हणून ५० हजारांची नको ती खरेदी, आणि हा रस्ता धरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत.

पूर्णांकाची गंमत तर कुणाच्या लक्षातच येत नाही. "दर १५० रुपयांना" याचा अर्थ प्रत्येक व्यवहारात पूर्ण १५०. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये १४५ चं बिल झालं तर पॉइंट शून्य. २९० झालं तर चारच, आठ नाही. आता महिनाभर असे २९० चे वीस स्वाइप केले तर एक रुपयाही वाया न जाता मिळाले असते त्याच्या साधारण निम्मे पॉइंट हाती लागतात. म्हणून छोटी बिलं यूपीआयनं सरळ खात्यातून द्या आणि कार्ड ठेवा मोठ्या बिलांना, एवढ्यावर विषय संपवा, मेडिकलवाल्याला "अजून एक स्ट्रेप्सिल्स टाका म्हणजे दीडशे होतील" म्हणणारे नाना मी स्वतः बघितलेत.

आणि काही खर्चांना पॉइंट मिळतच नाहीत, पेट्रोल, भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, बऱ्याच कार्डांत वीजबिल, विमा, सरकारी भरणा, ईएमआय. लोक चिडतात की बँक लबाड आहे. लबाड असेलही, पण त्यामागे एक साधं कारण आहे. तुम्ही दुकानात १,००० रुपयांचं कार्ड घासलं की दुकानदाराला पूर्ण हजार मिळत नाहीत, त्यातून क्रेडिट कार्डावर साधारण दीड-दोन टक्के कापले जातात, त्याला एमडीआर म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा तुमचं कार्ड काढणाऱ्या बँकेकडे येतो. तुमचे पॉइंट त्यातनंच दिले जातात. आता पेट्रोल पंप, सरकारी खाती, युटिलिटी असल्या ठिकाणी बँकेचा हा वाटा कमी, मग तुमचाही कमी किंवा शून्य. २०२० च्या जानेवारीपासून खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर एमडीआर नाहीच, म्हणून त्यावर पॉइंटही नाहीत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, क्यूआर स्कॅन करून अमृततुल्यच्या चहापासून भाजीपर्यंत देता येतं, पण छोट्या दुकानदाराकडून २,००० रुपयांपर्यंत काही कापून घेत नाहीत, म्हणून बऱ्याच बँका अशा व्यवहारांवर पॉइंटला कात्री लावतात. जिथे बँकेला मिळत नाही तिथे आपल्यालाही मिळत नाही हे सूत्र लक्षात ठेवलं की अटींची सोळा पानं वाचायची अर्धी गरज संपते.

उरलेल्या अर्ध्याचं कारण म्हणजे चार आकडी कोड. प्रत्येक दुकानाला कार्डाच्या यंत्रणेत एक वर्ग-क्रमांक असतो, किराणा ५४११, रेस्टॉरंट ५८१२, असे. बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही, दुकानाचा कोड दिसतो. पेट्रोल पंपाच्या आवारातल्या दुकानातून बिस्किटं घेतली आणि मशीन पंपाचं असलं तर बँकेच्या हिशोबात ते पेट्रोलच. भांडायला गेलात तर कस्टमर केअरवाला बिचारा पण काही करू शकत नाही.

दुकानदाराचे ते दोन टक्के कधीकधी आपल्याच डोक्यावर येतात. तपकीर गल्लीत वायर-फिटिंगचं सामान घ्यायला गेलात की ऐकू येतंच, "कार्डानं देणार असाल तर दोन टक्के वर." तिथे ६७ पैशांसाठी दोन रुपये द्यायचे नाहीत. हसू येतं पण लोक देतात, कारण पॉइंट डोळ्यांना दिसतात आणि दोन टक्के बिलात विरघळतात.

आता सगळ्यात मोठं भोक. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर व्याजावर जीएसटी. १०,००० रुपये एक महिना राहिले तर ३५० व्याज आणि ६३ जीएसटी, ४१३. नानांची अख्ख्या वर्षाची कमाई फार तर २९३ झाली असती. शिवाय बाकी ठेवलीत की नव्या खरेदीवरची ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलतही जाते, आज घेतलेल्या दुधावर आजपासून व्याज. "मिनिमम ड्यू", म्हणजे कमीत कमी एवढे तरी भरा, हा जो आकडा ठळक छापलेला असतो ना, तो तुमच्यासाठी नाही, तो बँकेसाठी आहे. ऑटो-डेबिट लावताना "टोटल ड्यू", म्हणजे पूर्ण बिल, निवडलंय का हे आत्ता उठून बघा, आमच्या ऑफिसातल्या एकानं दोन वर्षं मिनिममवर लावून ठेवलं होतं आणि त्याला वाटत होतं बिल आपोआप जातंय. कार्डानं एटीएममधून रोख काढणं तर नकोच, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

पॉइंट साठवू नका हेही सांगून टाकते. बऱ्याच कार्डांवर दोन-तीन वर्षांत ते मरतात, आणि नाही मेले तरी भाव पडतोच. सोनं साठवतात, पॉइंट नाही. वटवायची फी दर वेळी सारखीच असते म्हणून वर्षातून एकदा किंवा दोनदा एकदम वटवायचे. आणि कार्ड बंद करणार असाल तर आधी पॉइंट काढून घ्या, नंतर गेले म्हणजे गेले. बंद करायचा अर्ज दिल्यावर, बाकी शून्य असेल तर, सात कामाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. फोनवरची बाई तुम्हाला चार ऑफर देईल, त्या ऐकून घ्या आणि तरी बंद करा.

आता दुसरं परकीय चलन, म्हणजे खरंच परकीय.

मागच्या वर्षी दादाकडे जर्मनीला गेलो, नाना-सासूबाईंसह. निघायच्या आधी कार्ड परदेशात चालू करायचं राहिलं होतं. २०२० पासून नवीन कार्ड आलं की ते फक्त देशातच चालतं, परदेशाचं बटण आपण अॅपमध्ये जाऊन चालू करायचं, हवी तेवढी मर्यादा घालायची आणि परत आलं की बंद करायचं. बंद करायला आळस करू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले होते, एकूण ९४ कोटींच्या घरात गेले. तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता, ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नव्हता, पण कार्ड इथे पाकिटात असताना त्याची जुळी बहीण तिकडे पैसे काढू शकते हे तेव्हा पुण्याला नीट कळलं.

तर म्युनिकला एका कॅफेत बसलो, बिल झालं ४६ युरो ८० सेंट. पोरगी मशीन घेऊन आली, मी कार्ड टेकवलं आणि स्क्रीनवर दोन चौकोन आले, वर रुपयांतला आकडा, खाली युरोतला. नाना शेजारून वाकून बघत होते, म्हणाले, "रुपयात दे गं, आपल्याला कळतं तरी किती झाले ते." आणि पोरीनं पण मदत म्हणून वरच्या चौकोनाकडेच बोट दाखवलं. मी खालचा दाबला. ही जी रुपयांची सोय असते ना, तिला डीसीसी म्हणतात, म्हणजे रुपांतर तुमची बँक नाही, त्या दुकानाच्या मशीनमागचा कुणीतरी करतो, आणि भाव तो लावेल तो. रात्री दादाच्या टेबलावर बसून ताडून बघितलं तर वरच्या चौकोनातला आकडा त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त होता. वर रुपयांत दिलं तरी व्यवहार परदेशातलाच, म्हणून बऱ्याच बँका त्यावरही एक टक्का किंवा जास्त आपला आकार लावतातच. म्हणजे एकाच हजामतीचे दोन न्हावी. कायम तिथलं चलन निवडायचं, एटीएमवरसुद्धा. नानांना हे पटायला तीन दिवस लागले, चौथ्या दिवशी ते स्वतः सासूबाईंना सांगत होते, "खालचा दाब, खालचा."

पण खालचा दाबला तरी आपली बँक मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा आपला आकार, लावते. साध्या क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी, मिळून ४.१३. लाखाला ४,१३० रुपये. तुमचं कार्ड एक टक्का पॉइंट देत असेल तर लाखाला हजार मिळाले आणि चार हजार गेले. त्यामुळे परदेशात कार्ड निवडताना पॉइंट हा शेवटचा प्रश्न, पहिला प्रश्न मार्कअप किती. दोन टक्क्यांची, आणि शून्य मार्कअपची पण कार्डं मिळतात, शून्यवाल्यावर पॉइंट एकही नसला तरी ते जिंकतं. आणि हे घरी बसूनही लागू आहे, एखादी परदेशी कंपनी तुम्हाला रुपयांत बिल लावते पण तिची नोंदणी बाहेर आहे, तर त्या महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर पण कधीकधी हा आकार लागलेला असतो, स्टेटमेंट नीट वाचा.

फॉरेक्स कार्ड हा दुसरा पर्याय, आधी युरो भरून ठेवायचे आणि तिकडे युरोच खर्च करायचे, मग मार्कअपचा प्रश्न नाही. पण भरतानाच्या भावात बँकेनं आपला नफा आधीच घातलेला असतो, तो "शून्य फी" असं लिहिलेल्या पाटीखाली लपतो. तो शोधायला एफबीआयएल नावाची संस्था रोज जो संदर्भ दर जाहीर करते तो बघायचा आणि बँकेनं सांगितलेल्या दराशी फरक काढायचा, शंभराला किती पडतो ते. मी तीन ठिकाणी विचारलं, एक बँक आणि कॅम्पातले दोन मनी चेंजर, आणि दुसऱ्याचा भाव पहिल्याला सांगितल्यावर पहिल्यानं तीस पैसे कमी केले. भाजीत घासाघीस करणारे आपण, बँकेच्या काउंटरवर का गप्प बसतो कळत नाही. चलन बदलण्यावर जीएसटी पण असतो, लाखाला १८० रुपये, आणि अगदी थोडे बदलले तरी किमान ४५. म्हणून पाच वेळा थोडे थोडे भरू नका. फक्त एक सांभाळा, कार्डात युरो आहेत आणि तुम्ही स्वित्झर्लंडला जाऊन फ्रँकमध्ये खर्च केलात तर तिथे परत क्रॉस-करन्सीचा आकार, तोच तीन-साडेतीन टक्के. म्हणून मी ठरवलं, हॉटेल-तिकिटं शून्य मार्कअपच्या कार्डावर, रोजचा खर्च फॉरेक्स कार्डावर, आणि नोटा अगदी थोड्या. नोटा तशाही एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच घेता येतात, आणि रुपये रोख देऊन घ्यायच्या तर ५० हजारांच्या आतच.

टीसीएसला, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक वर जो आगाऊ कर घेते त्याला, लोक उगाच घाबरतात. आपण भारतात राहणारे लोक एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो, ही एलआरएस योजना, २००४ मध्ये २५ हजार डॉलरवर सुरू झालेली. एप्रिल २०२५ पासून, टूर पॅकेज सोडलं तर, वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, त्याच्या वरच्या रकमेवर इतर कारणांसाठी २० टक्के, शिक्षण आणि उपचारांसाठी दर बराच कमी, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी जात असेल तर काहीच नाही. १२ लाख पाठवले तर वरच्या दोन लाखांवर ४० हजार. पण हा खर्च नाही, आगाऊ भरलेला कर आहे, तुमच्या पॅनवर दिसतो, रिटर्नमध्ये वळता होतो, नोकरीत असाल तर कंपनीला सांगून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. पैसे काही महिने अडकतात एवढंच. फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड एलआरएसमध्ये धरतात, परदेशात फिरताना क्रेडिट कार्डानं केलेला खर्च धरायचं २०२३ मध्ये ठरलं होतं पण ते पुढे ढकललं, आणि तसंच आहे.

परत आलो आणि सोसायटीत प्रश्न सुरू, "डॉलरचं खातं काढावं म्हणते, रुपया पडतोच आहे." शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत, त्यांना वाटलं आपणही शाखेत जाऊन डॉलरमध्ये एफडी करू. तसं होत नाही. खातं तुम्ही कोण आहात आणि पैसा कुठून आला यावर ठरतं. काकू इथे राहतात, पेन्शन रुपयांत, तर रुपये देऊन इथल्या शाखेत डॉलर साठवायचं साधं खातं त्यांना नाही. एलआरएसमधून बाहेर किंवा गुजरातच्या गिफ्ट सिटीत खातं उघडून पाठवता येतात, पण तिथेही पैसे गुंतवले नाहीत तर १८० दिवसांत परत आणायचे, नुसते झोपवून ठेवता येत नाहीत. काकूंना मी म्हटलं, "तुमचा सगळा खर्च कोथरूडात, डॉलर घेऊन काय करताय?" त्या जरा नाराज झाल्या.

त्यांच्या मुलाची गोष्ट वेगळी. तो अनिवासी, म्हणजे एनआरआय, त्याला एफसीएनआर ठेव करता येते, डॉलरमध्येच, एक ते पाच वर्षं, व्याजावर इथे कर नाही, मुद्दल डॉलरमध्ये परत. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. किंवा एनआरई, रुपयांत, व्याज जास्त, तेही करमुक्त, पण रुपया पडला तर डॉलरमध्ये मोजताना नुकसान. यात हुशारी करायची काही गरज नाही, पैसे शेवटी कुठे खर्च होणार ते विचारा. बाणेरला फ्लॅट घ्यायचाय तर एनआरई, पोरांच्या तिकडच्या कॉलेजसाठी ठेवायचेत तर एफसीएनआर. रुपया जोरात घसरतो तेव्हा बँका एफसीएनआरसाठी मागे लागतात, २०१३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेनं खास सवलत देऊन या ठेवींमधून काही महिन्यांत २६ अब्ज डॉलर आणले होते, तर अशा वेळी व्याजदर बरे मिळतात, डोळा ठेवायला सांगा मुलाला. आणि त्याचं इथलं जुनं कॉलेजातलं बचत खातं अजून तसंच चालू असेल, सगळ्यांचंच असतं, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या कमाईचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं.

कायमचा परत आला की एनआरई खातं निवासी करायचं, आणि त्याच दिवसापासून त्या व्याजाची करमाफी गेली. एफसीएनआर मात्र मुदतीपर्यंत चालतं आणि मग ते डॉलर आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या, खात्यात ठेवता येतात, आणि बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं करासाठी जो मधला दर्जा मिळतो, आरएनओआर, तोपर्यंत या व्याजावर कर नाही. परत यायच्या आधी ठेवींच्या तारखा लावून घेतल्या तर इथे चांगला पैसा वाचतो. हे सीएकडून तपासून घ्यावं, मी अकाउंट्स बघते पण सीए नाहीये.

ज्याला डॉलरचं खातं खरंच रोज कामाला येतं तो म्हणजे पुण्यात बसून बाहेरच्या कंपन्यांची कामं करणारा. माझा मावसभाऊ बावधनला घरातून डिझाइनचं काम करतो, महिन्याला २,००० डॉलर येतात आणि त्यातले ३०० सॉफ्टवेअर, सर्व्हर यात डॉलरमध्येच जातात. तो काय करायचा, २,००० चे रुपये करून घ्यायचा आणि मग क्रेडिट कार्डानं ३०० डॉलरचा खर्च मार्कअप देऊन करायचा. तेच डॉलर विकले स्वस्तात, परत घेतले महागात. त्याला ईईएफसी खातं काढून दिलं, आलेले डॉलर डॉलरच राहतात, ३०० तिथूनच जातात, उरलेले बदलायचे. व्याज मिळत नाही, चालू खातंच असतं ते, आणि या महिन्यात आलेले उरलेले डॉलर पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत आणावेच लागतात, त्यामुळे "डॉलर वाढेल, थांबू" हा खेळ फार लांब खेळता येत नाही. पण महिनाभरात कोणत्या दिवशी बदलायचे ते तुमच्या हातात, आणि मुख्य म्हणजे बँकेला फोन करून ट्रेझरीचा, म्हणजे त्यांच्या चलन विभागाचा, दर मागायचा, स्क्रीनवरचा दर मुकाट घ्यायचा नाही. डॉलरमागे ५० पैसे जास्त मिळाले तर १,७०० डॉलरवर ८५० रुपये होतात, नानांची जवळजवळ तीन वर्षांची पॉइंटची कमाई एका फोनमध्ये.

आमचे दादाकडून आणलेले युरो उरले होते. कार्डातले परत रुपयांत करून घेतले, विकत घेतलेल्या भावापेक्षा कमीच आले, ते येणारच. नोटा थोड्या होत्या, २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा घरी ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त असतील तर परत आल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायच्या. नाण्यांना मात्र काहीच मर्यादा नाही, कितीही ठेवा, कारण बदलून घ्यायलाही कुणी तयार नसतं, कॅम्पातल्या माणसानं तर पिशवीकडे बघून नुसती मान हलवली. नानांनी ती घरी आणून कॅसरोलच्या सगळ्यात छोट्या डब्यात ठेवलीयेत, झाकण घट्ट लावून. पोळ्या अजून जुन्याच डब्यात असतात.